अर्ध्या गोळीचा हिशेब कुणी केला?

घरात लहान मूल असलं की फ्रिजच्या दारात, नाहीतर कपाटाच्या वरच्या फळीवर बाटल्यांची एक रांग हटकून असते. तापाचं गुलाबी औषध, खोकल्याचं लाल, आणि पूड पाण्यात कालवून केलेलं ते पांढरं औषध, ज्याचे दोन डोस उरले म्हणून आपण जपून ठेवतो. (ते खरं म्हणजे टाकून द्यायचं असतं, बरं का! कालवलेलं औषध फार दिवस टिकत नाही.) आज दुपारची कामं आटोपली की ती रांग खाली काढा आणि बाटल्यांवरची बारीक अक्षरं वाचून पाहा. औषधाचं नाव दिसेल, कारखान्याचा पत्ता, किंमत, मुदत. आणि ‘डोस’ या शब्दापुढं बहुतेक ठिकाणी एवढंच : डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार.

ठीक आहे. पण डॉक्टरांना कोण सांगतं?

डॉक्टर पुस्तकात बघतात, शिकताना वडीलधाऱ्या डॉक्टरांनी सांगितलेलं आठवतात आणि मुलाचं वजन करून हिशेब मांडतात. चांगल्या डॉक्टरांची ही रीतच आहे. प्रश्न आहे तो पुस्तकातल्या आकड्याचा. मुलांना औषध देऊन, ते त्यांच्या रक्तात किती उतरतं, किती वेळ राहतं हे मोजून तो आकडा लिहिलेला असतो का? पुष्कळ औषधांच्या बाबतीत उत्तर ‘नाही’ असं आहे. औषधाची परीक्षा झाली मोठ्या माणसांवर आणि मुलांचा डोस आला भागाकारातून. जुन्या वैद्यकीय पुस्तकांत तर त्यासाठी एक सूत्रच असे : मुलाच्या वयाला वय अधिक बारानं भागा. मूल चार वर्षांचं असेल तर चार भागिले सोळा, म्हणजे मोठ्या माणसाच्या डोसाचा पाव हिस्सा. आईच्या जुन्या नऊवारीतून मुलीचं परकर-पोलकं बेतावं तसंच हे!

परकर-पोलकं जमून जातं. औषधाचं जमेलच असं नाही. नवजात बाळाचं यकृत अजून पुरतं कामाला लागलेलं नसतं, मूत्रपिंडं हळू चालतात, त्यामुळे काही औषधं अंगातून बाहेर पडायला उशीर होतो आणि ती साठत जातात. उलट दोन-तीन वर्षांच्या मुलाचं शरीर काही औषधं मोठ्यांपेक्षाही झपाट्यानं निकालात काढतं. तिथं भागाकार करून दिलेला डोस कमीच पडतो.

हे कळलं कसं, तेही ऐका. क्लोरॅम्फेनिकॉल हे एके काळचं नावाजलेलं औषध. संसर्ग होऊ नये म्हणून अमेरिकेत अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ते खबरदारी म्हणून देत. १९५९ साली लॉस एंजेलिसच्या डॉक्टरांनी नीट नोंदी ठेवून पाहिलं, तर औषध दिलेली बाळंच जास्त दगावत होती. अंग राखेसारखं करडं पडे आणि बाळ हातचं जाई. बाळांच्या यकृताला ते औषध पचवताच येत नव्हतं. दुसरं उदाहरण तर डोळ्यांनी दिसणारं आहे. तुमच्या ओळखीत जरा मोठ्या वयाच्या कुणाच्या दातांवर पिवळट-तपकिरी पट्टे पाहिले असतील. त्यातल्या कित्येकांना लहानपणी टेट्रासायक्लिन दिलेलं असतं. दात तयार होत असताना ते औषध त्यांत जाऊन बसतं ते कायमचं.

आणि अगदी आपल्या घरातलं उदाहरण हवं असेल तर निमेसुलाइड. तापाला लगेच उतार पडतो म्हणून आपल्याकडे ते मुलांना सर्रास दिलं जाई. यकृताला इजा होते असं दिसल्यावर फिनलंड आणि स्पेन या देशांनी २००२ साली त्याची विक्री थांबवली. आपल्याकडे बारा वर्षांखालच्या मुलांना ते देण्यावर बंदी आली २०११ साली. मधली नऊ वर्षं आपली मुलं ते घेतच होती.

खोकल्याची बाटली

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये जे घडलं ते अजून कुणी विसरलं नसेल. मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात, परासियाच्या आसपास, साध्या सर्दी-तापाची मुलं लघवी बंद होऊन अत्यवस्थ होऊ लागली. जवळचं मोठं शहर म्हणजे आपलं नागपूर. आईबाप मुलांना उचलून तिथल्या रुग्णालयांत धावले. वीसहून अधिक मुलं गेली, बहुतेक पाच वर्षांच्या आतली. ‘कोल्ड्रिफ’ नावाचं जे सिरप त्यांना दिलं होतं, ते तमिळनाडूच्या सरकारी प्रयोगशाळेत तपासलं, तेव्हा त्यात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल निघालं. औषधात ते ०.१ टक्क्याच्या वर चालत नाही. म्हणजे जवळजवळ अर्धी बाटली विष!

हे रसायन आपल्या पिंपरी-चाकण पट्ट्याला अनोळखी नाही. इथं ज्या गाड्या बनतात, त्यांच्या ब्रेकच्या तेलात आणि कूलंटमध्ये याच कुळातली रसायनं असतात. चवीला गोडसर, दिसायला औषधात वापरायच्या शुद्ध ग्लिसरीनसारखं दाट, आणि स्वस्त. त्यामुळे चुकीनं म्हणा, लोभानं म्हणा, ते औषधात शिरतं. १९३७ साली अमेरिकेत असंच एक पातळ औषध पिऊन शंभरावर माणसं गेली होती, त्यांतली चौतीस मुलं. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरीननं चौदा रोगी दगावले, न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला आणि महाराष्ट्राच्या आरोग्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. २०२२ साली आफ्रिकेतल्या गाम्बियात साठाहून अधिक मुलांचे मृत्यू भारतात बनलेल्या सिरपांशी जोडले गेले.

मैत्रिणींनो, इथं दोन गोष्टींची गल्लत होते, ती करू नका. औषधात विष आलं हा तपासणीतला दोष झाला. त्यासाठी इन्स्पेक्टर, प्रयोगशाळा, परवाने यांच्याकडे बोट दाखवायचं. पण ते सिरप अगदी शुद्ध असतं, तरी त्या मुलांना द्यायला हवं होतं का? हा दुसरा प्रश्न बातम्यांच्या गदारोळात मागं पडला. सर्दी-खोकल्याच्या अशा मिश्रणांनी लहान मुलांना गुण येतो, याचा भक्कम पुरावाच नाही. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन यांचं मिश्रण (कोल्ड्रिफमध्येही ही दोन होतीच) चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं बाटलीवर छापायला केंद्राच्या औषध नियंत्रकांनी २०२३ च्या डिसेंबरात सांगितलं. २०२५ च्या ऑक्टोबरात, मुलं गेल्यानंतर, केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं आणखी स्पष्ट सांगितलं : दोन वर्षांच्या आतल्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊच नयेत आणि पाच वर्षांखालच्यांना सहसा नकोत.

हे शहाणपण यायला इतका काळ का लागावा?

पैसा कुणाचा?

लागतो, कारण शोध घ्यायला पैसा लागतो आणि तो घालायला कुणी पुढं येत नाही. चाळीतल्या सार्वजनिक नळासारखं आहे हे. पाणी सगळे भरतात, पण नळाचा वायसर गेला की बदलायचा कुणी? पॅरासिटामॉल, सर्दीची मिश्रणं, नेहमीची प्रतिजैविकं ही सगळी जुनी औषधं. त्यांच्यावरचा एखाद्या कंपनीचा एकाधिकार कधीच संपला; आज ती असंख्य कारखाने बनवतात. एका कंपनीनं पदरचे पैसे घालून मुलांवरचा अभ्यास केला, तर त्याचा फायदा बाकीच्यांनाही फुकट मिळणार. मग ती कशाला खर्च करील?

आणि खर्च साधा नसतो. मुलांच्या वयाप्रमाणे वेगवेगळे गट करावे लागतात, कारण महिन्याचं बाळ आणि सहा वर्षांचा मुलगा यांना एका मापात तोलता येत नाही. बाळाच्या अंगातून रक्त घ्यायचं ते थेंबांनी, तेवढ्यावर चालणारी यंत्रं हवीत. घरोघरी जाऊन विचारपूस करणाऱ्या ताई हव्यात, बालरोगतज्ज्ञांचा वेळ हवा, काही अपाय झालाच तर उपचाराची आणि भरपाईची तरतूद हवी. हे सगळं करून हाती काय येणार, तर ‘या वयाला हे औषध देऊ नका’ असं एक वाक्य! त्यातून कुणाचा खप वाढणार?

डॉ. हॅरी शर्की नावाचे अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ १९६० नंतरच्या काळात म्हणाले होते, की औषधांच्या बाबतीत मुलं पोरकी आहेत. त्यांच्या देशानं यावर उपाय काढला तो दुहेरी. १९९७ च्या कायद्यानं नव्या औषधांच्या कंपन्यांना सांगितलं, की सरकार मागेल तो मुलांवरचा अभ्यास करा, तुमचा एकाधिकार सहा महिन्यांनी वाढवून देऊ. जुन्या औषधांना हे आमिष लागू पडेना, म्हणून २००२ साली दुसरा कायदा आला. त्यानुसार सरकारी आरोग्य संशोधन संस्थेनं कोणत्या जुन्या औषधांची माहिती अपुरी आहे याची यादी करायची आणि सरकारी पैशानं अभ्यास करवून घ्यायचे. याच पैशातून एका प्रश्नाचा निकाल लागला. मुलाची आकडी थांबत नसेल तर डायझेपाम द्यावं की लोराझेपाम? कितीतरी डॉक्टर लोराझेपामच सरस मानत. अकरा रुग्णालयांत अभ्यास झाला आणि २०१४ साली उत्तर आलं, की ते सरस ठरत नाही. दोन्ही जुनी, स्वस्त औषधं. कुठल्या कंपनीनं हा खटाटोप केला असता?

तुम्ही म्हणाल, ती अमेरिका झाली. तर मग पिंपरीकडे पाहू.

जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरची आपली ‘एच. ए.’ कंपनी, म्हणजे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, १९५४ साली स्थापन झाली आणि दुसऱ्या वर्षी तिथं पेनिसिलिन बनू लागलं. सरकारी क्षेत्रातला देशातला हा पहिला औषध कारखाना. त्याची यंत्रसामग्री देण्यात मोठा हात होता युनिसेफचा आणि तांत्रिक मदत होती जागतिक आरोग्य संघटनेची. युनिसेफ म्हणजे मुलांसाठी काढलेला निधी! कारखान्याला त्यानं मदत का करावी? कारण पेनिसिलिन नसल्यामुळे मरणारी मुलं पुष्कळ होती आणि बाहेरून येणारं औषध महाग होतं. म्हणजे मुलांच्या औषधासाठी सार्वजनिक पैसा ओतायचा, ही कल्पना आपल्या पट्ट्याला नवी नाही; पिंपरीचा औषध उद्योग तिच्यावरच उभा राहिला. पुढं तिथल्या प्रयोगशाळेत डॉ. थिरुमलाचार यांनी पिंपरीच्याच मातीतल्या एका सूक्ष्म जिवापासून हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध शोधलं. त्या जिवाच्या शास्त्रीय नावातही पिंपरी आहे : स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना. नंतर कंपनीला उतरती कळा लागली, १९९७ साली ती आजारी उद्योगांत गेली, २०१६ साली केंद्रीय मंत्रिमंडळानं तिची जादा जमीन विकायचं ठरवलं. त्या जमिनीची चर्चा झाली तेवढी त्या प्रयोगशाळेची झाली नाही, याचं वाईट वाटतं.

आता चाकणहून शिक्रापूरच्या रस्त्यानं निघा आणि पुढं कोरेगाव भीमाजवळ वढू बुद्रुकला या. संभाजी महाराजांच्या समाधीमुळे हे गाव आपल्या माहितीचं आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचं ग्रामीण आरोग्याचं काम इथं डॉ. बानू कोयाजी यांनी १९७० नंतरच्या दशकात उभं केलं. त्याच कामातून पुढं संशोधन केंद्र वाढलं. २०११ पासून रोटाव्हायरसच्या जुलाबांवरची भारतीय लस दिल्ली, वेल्लोर आणि पुणे जिल्हा अशा तीन ठिकाणी मिळून ६,७९९ तान्ह्या बाळांवर तपासली गेली, त्यांतलं पुण्याचं ठिकाण वढूचं. पैसा होता भारत सरकारच्या जैवतंत्रज्ञान खात्याचा, गेट्स फाउंडेशनचा, नॉर्वे आणि ब्रिटनच्या सरकारी निधींचा. २०१६ पासून सरकारी लसीकरणात रोटाची लस टप्प्याटप्प्यानं आली, ती अशा अभ्यासांच्या पायावर.

दुसरा अभ्यास मला याहून आवडतो. गोवराची लस सुईऐवजी वाफाऱ्यासारखी श्वासातून देता आली तर किती बरं, असं कुणालाही वाटेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकारानं पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांतल्या २,००४ बाळांवर हे करून पाहिलं. २०१५ साली निकाल छापून आला. सुईनं ९४.६ टक्के बाळांमध्ये प्रतिकारशक्ती आली, श्वासातून ८५.४ टक्के. सुईच सरस ठरली! तपासलं नसतं, तर ‘बाळ रडत नाही’ म्हणून सगळ्यांनी श्वासाची लस उचलून धरली असती आणि गोवरानं मधल्या मधे मुलं गाठली असती.

सांगायचं एवढंच, की काम करणारी माणसं आपल्या पट्ट्याच्या उंबऱ्यावर आहेत, आणि विश्वासानं बाळाला मांडीवर घेऊन येणाऱ्या आयाही आहेत. लसींसाठी पैसा आला, कारण जगाला लसी हव्या होत्या. तापाच्या आणि खोकल्याच्या जुन्या बाटलीसाठी तो कोण आणणार?

एक वाट आहे, आणि ती तुमच्या घरावरून जाते. कंपनी कायदा २०१३ प्रमाणे वर्षाला ५ कोटींवर निव्वळ नफा असलेल्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. हा पैसा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेसारख्या सरकारी संशोधन संस्थांना देता येतो, अशी कायद्याच्या यादीत सोय आहे. पिंपरी, भोसरी, चाकणचे कारखाने असा पैसा शाळेच्या खोल्या, पाण्याच्या टाक्या, झाडं यांवर खर्च करतात, चांगलंच आहे. पण यजमानांच्या कंपनीत कुटुंबमेळावा असतो, कामगार संघटना असते, किंवा तुम्ही स्वतःच तिथं नोकरीला असाल. ‘मुलांच्या औषधांच्या अभ्यासाला आपल्या कंपनीनं काय दिलं?’ हा प्रश्न तिथं विचारायला कुणाची आडकाठी आहे? महिला मंडळानं खासदारांना पत्र लिहून जुन्या औषधांसाठी अमेरिकेसारखी यादी आणि निधी मागायला तर एक पानही पुरतं.

माझ्या मुलावर प्रयोग?

हे वाचून काहींच्या पोटात गोळा आला असेल. साहजिक आहे. संशोधनाच्या नावाखाली गरिबांच्या मुलांना गृहीत धरल्याचे प्रकार झालेले आहेत, तेव्हा सावध राहायलाच हवं. आई-वडिलांची लेखी संमती हवी, आणि ती समजावून सांगून घेतलेली हवी. वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे सात वर्षांपुढच्या मुलाला स्वतःलाही विचारावं लागतं. मधेच ‘आम्हाला नको’ म्हणायचा हक्क आहे आणि त्यामुळे नेहमीचे उपचार अडत नाहीत. हे कुणी सांगितलं नाही, तर खुशाल उठून या. मात्र एक ध्यानात घ्या. न तपासलेलं औषध आपण रोज चमच्यानं पाजतो, तोही प्रयोगच असतो. फरक इतकाच, की त्याची वही कुणी ठेवत नाही.

वही ठेवायची सुरुवात घरात होऊ शकते. तापाच्या पॅरासिटामॉलचंच घ्या. डोस ठरतो मुलाच्या वजनावर. साधारणपणे एका वेळी वजनाच्या दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, आणि दोन डोसांत चार ते सहा तासांचं अंतर. पण बाजारात तेच औषध तीन ताकदींचं मिळतं : ५ मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅमचं, ५ मिलिलिटरमध्ये २५० चं, आणि थेंबांचं, ज्यात एकेका मिलिलिटरमध्येच १०० मिलिग्रॅम असतात. थेंबांची बाटली हातात घेऊन सिरपच्या मापानं पाजलं, तर चौपट औषध पोटात जातं. म्हणून डॉक्टरांनी ‘पाच मिली’ सांगितलं की ‘कितीच्या ताकदीचं?’ हे तिथंच विचारा आणि फाइलवर लिहून घ्या. सासूबाई किंवा पाळणाघराच्या ताई औषध पाजणार असतील, तर बाटलीलाच चिठ्ठी चिकटवा. चहाचा चमचा मुळीच नको. आपल्या घरातले दोन चमचे एका मापाचे नसतात. बाटलीबरोबरचं माप किंवा सुई नसलेली सिरिंज वापरा. खोकल्याला एक वर्षापुढच्या मुलाला चमचाभर मध चाटवलात तरी घसा निवतो, वर्षाच्या आतल्याला मात्र मध नको. मूल भराभर श्वास घेत असेल, छाती आत ओढत असेल, किंवा सहा-आठ तास लघवी झाली नसेल, तर घरगुती उपाय बाजूला ठेवून दवाखाना गाठा.

औषधानंतर काही विपरीत झालं, अंगावर पित्त उठलं, मूल सुस्त पडलं, उलट्या थांबेनात, तर आधी डॉक्टर. ते झालं की मग नोंद. भारत सरकारचा औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणारा कार्यक्रम २०१० पासून चालू आहे, त्याचं मुख्य केंद्र गाझियाबादला आहे. तक्रार डॉक्टरांनीच करावी असं नाही, तुम्हीही करू शकता. कामाच्या दिवशी १८००-१८०-३०२४ या क्रमांकाला फोनचे पैसे पडत नाहीत. औषध वाईटच होतं हे तुम्ही सिद्ध करायचं नसतं, संशय पुरे. मात्र फोन करताना बाटली समोर ठेवा. ती फेकून दिली तर बॅच नंबर जातो, आणि चौकशी अडते ती तिथंच. तो नंबर लेबलाच्या कडेला, मुदतीच्या तारखेपाशी, इतका बारीक छापलेला असतो, की वाचायला घरातलं चष्मेवालं माणूस बोलवावं लागतं.